टोचून घेऊ का?

पाकिटाची एकच कड पिवळी पडली होती, खणाच्या फटीतून जेवढी बाहेर राहिली होती तेवढीच. बाकीचं पाकीट अजून कोरं करकरीत, कालच आल्यासारखं. तो चष्म्याच्या वरून त्या पिवळ्या कडेकडे बघत बसला. वर्ष होत आलं… तेरा दिवस कमी. आत काय लिहिलं आहे ते पाकीट न उघडता म्हणून दाखवता आलं असतं त्याला. वहिनींचं पत्र म्हणजे सात-आठ ओळी, वरच्या ओळी मोठ्या अक्षरात आणि कागद संपत आला की बारीक होत गेलेल्या.

'भाऊजी, दवाखान्यातली नर्स पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीत फ्लूची लस टोचायला येणार आहे. साठीच्या पुढच्यांनी घ्यावीच म्हणते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, घेऊनही ताप आलाच, म्हातारपणी तिचा काडीचा उपयोग नाही. दोघंही छातीठोक बोलतात. मला दोघांचंही खरं वाटतं. तुम्ही वाचणारे. टोचून घेऊ का? कळवा. तुम्ही म्हणाल तसं.'

तुम्ही म्हणाल तसं. आणि तो काहीच म्हणाला नव्हता.

विसरला असता तरी परवडलं असतं, असं त्याला कितीदा वाटलं होतं. विसरणं माणसाला शोभतं. पण तो विसरला नव्हता. त्यानं पत्र दोनदा वाचलं होतं, वर कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घातली होती, आणि 'तपासायचे' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात ते नीट उभं ठेवलं होतं. ज्ञानकोशाच्या कार्यालयात चौतीस वर्षं त्यानं हेच केलं—वाचकांच्या शंका यायच्या, लेखकांचे आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, कुणा राजाच्या मृत्यूची तीन-तीन सालं सापडायची. प्रत्येकाचं एक कार्ड करायचं आणि कार्ड त्या खणात टाकायचं. एकदा ते योग्य खणात गेलं, की अर्धं काम झाल्यासारखं हलकं वाटे. कार्यालय बंद पडलं तेव्हा इतरांनी पंखे मागितले, खुर्च्या मागितल्या. यानं चोवीस खणांचं हे कपाट मागून घेतलं. वहिनींचं पत्र खणात ठेवल्यावर त्याला तसंच हलकं वाटलं होतं. उत्तर दिल्यासारखं. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. साधा माणूस 'घ्या' नाहीतर 'नका घेऊ' म्हणाला असता आणि जेवायला बसला असता.

काल पुतणीचा फोन आला. फोनवर त्याला बोलता येत नाही. समोर चेहरा नसला की वाक्यं मध्येच सुटतात.

"बघूकाका, सोमवारी येतायत आमच्याकडे टोचायला."

"बरं."

"बरं काय? आई घेत नाहीये. मी सांगून थकले, डॉक्टर सांगून थकले. म्हणते, भाऊजींना विचारलंय, त्यांचं उत्तर येऊ दे."

"अजून…?"

"अजून! वर्षभर! मी म्हटलं, अगं, त्यांनी काही कळवायचं असतं तर तू आजारी पडायच्या आधी कळवलं असतं. तर म्हणते, त्यांचं वाचून व्हायचंय."

पलीकडे पुतणीनं सुस्कारा टाकला.

"हे बघा, मला सांगा, मी तिला सांगते. हो की नाही, एवढंच."

"बघतो," तो म्हणाला.

"बघा," पुतणी म्हणाली, आणि रागावता रागावता हसली, कारण या एका शब्दावरूनच तर लहानपणी तिनं त्याचं नाव पाडलं होतं. "पण लिहूनच पाठवा. आजारानंतर तिला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमचं अक्षर दिसल्याशिवाय ती माझं ऐकायची नाही. आज-उद्या पेटीत पडलं तर शनिवारी येईल."

आज गुरुवार. चार वाजता पेटी उघडतात.

खणात पत्राच्या मागं कार्डांचे तीन गठ्ठे होते. 'होय' म्हणणारी कार्डं एका दोऱ्यात, 'नाही' म्हणणारी दुसऱ्या दोऱ्यात. 'सांगता येत नाही' या तिसऱ्या गठ्ठ्याला दोरा पुरला नव्हता, म्हणून जुनी बुटाची लेस बांधली होती. मागच्या वर्षी तीन आठवडे तो रोज ग्रंथालयात जाऊन बसत होता. पहिल्याच आठवड्यात त्याला वाटलं, संपलं, उत्तर सापडलं—लस घेणारी म्हातारी माणसं न घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी मरतात, असा मोठा अभ्यास हाती लागला. दुसऱ्या दिवशी दुसरा लेख: जी माणसं जिना उतरून, चालत जाऊन लस घेतात, ती मुळात जिना उतरू शकणारी असतात, ती लस न घेताही कमीच मेली असती. तो वाचता वाचता मोठ्यानं हसला आणि समोरच्या बाईंनी वर बघितलं. किती खरं होतं ते, आणि किती लबाड! आपलंच म्हणणं आपल्याच हातानं असं उसवून दाखवणारी ही माणसं कोण असतील? त्यांना वहिनी नसतील का कुणी, कळवा म्हणून लिहिणाऱ्या?

आणि मग एक जुनी चाचणी मिळाली. साठीच्या पुढची अठराशेहून जास्त माणसं. निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते त्यांनाही माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. नंतर हिवाळाभर कुणाला फ्लू होतो ते बघत बसायचं. लस घेतलेल्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. सत्तरीच्या पुढच्यांत फायदा कमी दिसत होता, पण तेवढी म्हातारी माणसं त्यात थोडीच होती, म्हणून पक्कं सांगता येत नाही, असंही त्यांनी खाली लिहून ठेवलं होतं. तो त्या तक्त्यापाशी बराच वेळ थांबला होता. आकड्यांसाठी नव्हे. अठराशे दंड त्याला दिसत होते, सुरकुतलेले, लोंबत्या कातडीचे, कुणाचा देवीच्या खुणेचा… बाही वर करून ही माणसं रांगेत उभी राहिली असतील, आपल्याला कदाचित पाणीच मिळणार हे ठाऊक असून. का, तर पुढं कुणीतरी विचारील, टोचून घेऊ का, तेव्हा सांगायला काहीतरी असावं म्हणून. त्या अठराशेंपैकी आज एकही हयात नसेल. त्यांनी वहिनींना उत्तर दिलं होतं. मी दिलं नाही. मी काय केलं? मी कार्ड केलं.

हे वाचन चालू असतानाच वहिनींच्या इमारतीतला टोचण्याचा तो दिवस येऊन गेला. आणि थंडीत त्या पडल्या.

अकरा दिवस. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, हाताच्या शिरा काळ्यानिळ्या. तो भेटायला गेला आणि दारातच अडला, नेहमीसारखा, आत जावं की न जावं. वहिनींनीच बोटानं खूण करून आयाकडून त्याला स्टूल देवविलं. बऱ्याच वेळानं मुखवटा जरा उचलून त्या काहीतरी म्हणाल्या. त्यानं कान जवळ नेला.

"वाचून झालं का?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर तो वाचला असता. शाळेतून आलेल्या पोराला विचारावं तसं त्या विचारत होत्या, कौतुकानं. आणि तो… हे आठवलं की अजून त्याचे कान तापतात… तो म्हणाला होता, "थोडं राहिलंय."

वहिनींनी मान हलवली. चालेल, सावकाश होऊ द्या, अशी.

त्या वाचल्या. आता जिन्याच्या तीन पायऱ्यांवर थांबतात, श्वास जमवतात, पुन्हा तीन. आणि तो वर्षभर एकच हिशेब मांडून मोडतो आहे. अशा पाच-सहा चाचण्या एकत्र करून कुणीतरी काढलेलं ते कार्ड: शंभर म्हाताऱ्यांनी लस घेतली नाही तर सहाजणांना फ्लू होतो, घेतली तर दोघा-तिघांना. जीव वाचतो का, ते ठरवायला त्यात माणसं पुरेशी नव्हती. बरं. मग वहिनींना त्या शंभरांत कुठं बसवायचं? लस घेऊन टळलं असतं अशा तिघा-चौघांत, की घेऊनही झालंच असतं अशा दोघा-तिघांत? त्यांनी घेतली असती तरी झालं असतं, कदाचित… हे वाक्य पहिल्यांदा मनात आलं तेव्हा किती गोड लागलं होतं! त्यानं लगेच त्याचं कार्ड करायला घेतलं होतं, आणि अर्ध्यात पेन खाली ठेवलं होतं. विद्वत्तेच्या आडोशाला बसून आपण आपलीच सुटका लिहीत आहोत, हे त्याला अक्षर वळणदार येत होतं त्यावरून कळलं.

वहिनींनी कधी काही तपासलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो दादाच्या घरी राहायला आला तेव्हा त्या गणवेश शिवायच्या, कापडाचा ढीग आणि मधोमध त्या. कार्यालयात मुलाखत होती आणि त्याच्याकडे कोट नव्हता. दादाचा जुना ओव्हरकोट त्यांनी टेबलावर पसरला, दोन मापं घेतली, तिसरं घ्यायच्या आत कात्री लावली. "अहो वहिनी, कापड पुरेल का?" तो घाबरून म्हणाला. "ते कापल्यावर कळेल." पुरलं नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला त्यांनी गणवेशाचा तुकडा लावला आणि म्हणाल्या, "मान खाली घालून बसू नका म्हणजे झालं. तुमची तीच सवय." त्या दिवशी तो पहिल्यांदा मान वर करून चार माणसांशी बोलला. अशी बाई. दादा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मशीनवर बसली. जिनं आयुष्यात कुणाला विचारून टाका घातला नाही, तिनं ही एकच गोष्ट विचारली, आणि माणूस कोण निवडला तर मी!

की त्यांना लसीचं विचारायचंच नव्हतं, पुन्हा एकदा माझी मान वर करायची होती… त्यानं पाकीट खिशात टाकलं आणि टोपी घेतली. काय करायचं हे ठरलं नव्हतं. पण स्वतः टोचून न घेता 'घ्या' असं कसं लिहायचं? आणि 'नका घेऊ' असं लिहायचं म्हटलं तर बोटं आखडत होती, हेही त्याच्या ध्यानात आलं. मग हे एवढे दिवस आपल्याला माहीत नव्हतं, असं कसं म्हणता येईल?

दवाखान्यात भिंतीला टेकून सात खुर्च्या होत्या. त्यानं माहितीचा कागद घेतला, पुढून वाचला, मागून वाचला. कागद प्रामाणिक होता, जरा घाईतला. लसीतला विषाणू मेलेला असतो, तिच्यानं फ्लू होत नाही. परिणाम यायला दोन आठवडे लागतात. नंबर पुकारला तेव्हा तो तिसऱ्यांदा वाचत होता.

"आजोबा, पाठ करायचा नाहीये तो," नर्स म्हणाली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, हातमोजे चढवत. "बाही वर करा."

"एक विचारायचं होतं."

"विचारा की. बाही वर करता करता विचारा."

"ही आमच्या वयाला… लागू पडते का?"

"पडते. तरुणांना पडते तेवढी नाही."

"म्हणजे किती?"

"वर्षावर आहे. या वर्षी कुठला फ्लू येणार ते सहा महिने आधी अंदाजानं ठरवावं लागतं. अंदाज बसला तर बरी, नाही बसला तर बेताची."

"घ्या हो लवकर," दारातून एक म्हातारी म्हणाली. "हे तोंडी परीक्षेला बसलेत वाटतं!"

"बसू दे, आजी. पासच करून पाठवते." नर्सनं कापूस ओला केला. "आणखी?"

"म्हणजे मला होणारच नाही, असं…"

"असं मी कुणालाच सांगत नाही. होऊ शकतो. माझी आई ऐंशीची आहे. मागच्या वर्षी टोचली तरी पडली आजारी. पाच दिवस अंथरुणात, आणि पाचही दिवस माझ्या नावानं शंख, की पोरगी नर्स असून काय उपयोग!"

"मग या वर्षी?"

"दिली की परवा. दंड पुढं करताना पुन्हा शंख."

त्याला जे विचारायचं होतं ते हे नव्हतंच. डोळ्यांसमोर होता तो मुखवटा, काळ्यानिळ्या शिरा, स्टूल…

"नसती दिली मागच्या वर्षी," तो हळूच म्हणाला, "तर काय झालं असतं त्यांचं?"

नर्सनं त्याच्याकडे बघितलं. जरा निराळं बघितलं.

"ते मला काय ठाऊक, आजोबा? कुणालाच ठाऊक नसतं ते." आणि मग, "झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं. पंधरा मिनिटं बाहेर बसायचं, चक्कर आली तर हाक मारायची. या, आजी, तुमचा पेपर."

तो बाहेर येऊन खुर्चीत बसला. कळलंच नाही. 'ते मला काय ठाऊक' असं ती म्हणत होती आणि त्याच वेळी तिचा हात आपलं काम करत होता, न थरथरता, नेमक्या जागी. मला काय ठाऊक हे शब्द त्यानं चौतीस वर्षं वापरले, सभ्य भाषेत, टिपा देऊन. पण प्रत्येक वेळी ते म्हणताना त्याचा हात थांबत असे. किंबहुना हात थांबवायचा असला की तो ते म्हणत असे. आणि ही बाई, जिच्या टेबलावर एकही पुस्तक नव्हतं… नाही, असं म्हणणंही उर्मटपणाच. तिला जेवढं माहीत होतं तेवढं त्याच्या तिन्ही गठ्ठ्यांत मिळून होतं, जास्त नव्हतं. तेच होतं. फक्त तिनं ते दोऱ्यांनी बांधून ठेवलं नव्हतं. सकाळपासून किती दंडांना ती हे अर्धवट, बेताचं, वर्षावर अवलंबून असलेलं ज्ञान टोचत असेल, खोटी हमी न देता! त्याला एकदम उठून आत जावं आणि तिला काहीतरी म्हणावंसं वाटलं. अर्थात तो उठला नाही. त्यानं खिशातून वहिनींचं पाकीट काढलं, आणि कोरा कागद नव्हता म्हणून वहीतली दोन पानं फाडली.

'ती. वहिनी यांस,' एवढं वर्षभरात त्यानं निदान दहा वेळा लिहिलं होतं. आज त्याच्या पुढं गेला.

'वर्षभर उत्तर दिलं नाही. वाचत होतो हे खरं, आणि भीत होतो हेही खरं. तुम्ही विचारलं होतंत, टोचून घेऊ का. घ्या. तिच्यामुळं फ्लू होणारच नाही असं नाही. शंभर म्हाताऱ्यांनी घेतली नाही तर साधारण सहाजणांना होतो, घेतली तर दोघा-तिघांना, एवढं बऱ्यापैकी मोजलेलं आहे. आपल्या वयाला त्याहूनही कमी उपयोग होत असेल. जीव वाचतो का, हे मला कुठं पक्कं सापडलं नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अगदीच चूक नाहीत, पण त्यांचं ऐकू नका. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. मी आज घेतली.

'मागच्या वर्षी मी वेळेवर घ्या म्हटलं असतं तर तुमचे ते अकरा दिवस टळले असते की नाही, ते मला कळत नाही आणि कधीच कळणार नाही. पण म्हणायला हवं होतं. तेवढं तरी मला त्या वेळीही ठाऊक होतं.'

यापुढं काहीतरी हवं होतं. क्षमा हा शब्द त्यानं लिहिला नाही. तो लिहिला की वहिनींना उत्तर द्यावं लागेल, आणि त्यांच्यावर ते ओझं कशाला. 'सोमवारी बाही सैल असलेलं काहीतरी घाला,' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही करून वर बघितलं तर शेजारच्या खुर्चीवरची ती म्हातारी दंड चोळत त्याच्याकडे बघत होती.

"झालात का पास?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

पाकीट आणि तिकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. पत्ता लिहिताना पुतणीच्या घराचा क्रमांक त्यानं वहिनींच्या पाकिटावरून ताडून पाहिला. चार वाजायला बारा मिनिटं होती. पेटीपाशी उभं राहून त्यानं पाकीट फटीत सरकवलं, अर्धं, आणि धरून ठेवलं. सहाजणांना. सहाच ना? आणि 'साधारण' लिहिलं आहे ना आपण? 'त्यांचं ऐकू नका' हे जरा जास्तच झालं का? त्या गृहस्थांनाही त्यांचा अनुभव आहे… आणि समजा टोचून घेतली आणि तरी याच थंडीत… त्यानं डोळे मिटले. ते सगळं तिथंच होतं, जसंच्या तसं, एकही शंका कमी झाली नव्हती. बोटं सुटली. आत कागदावर कागद पडल्याचा बारीकसा आवाज झाला.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यानं प्रत ठेवली नाही. आयुष्यात एक ओळ त्यानं प्रतीशिवाय बाहेर पाठवली नव्हती. पत्रातली वाक्यं तो आठवू लागला, पण ती आता नीट येईनात; येत होत्या त्या वहिनी… कागद हात लांब करून धरलेल्या, ओठ हलवत वाचणाऱ्या. कदाचित हसतील. कदाचित म्हणतील, एवढ्यासाठी वर्ष लागलं? कदाचित सोमवारी दार लावून बसतील आणि म्हणतील, आता नाही घेत, जा! तसं झालं तर तसं. ते तिथं होईल, त्यांच्या खोलीत, त्यांच्या दंडाचं. इथं उभं राहून त्याचं कार्ड होणार नव्हतं. भीती होतीच. पण कधी नव्हे ती आज त्याला मागं ओढत नव्हती, पुढं कुठंतरी होती, शनिवारकडे तोंड करून उभी, आणि तिच्यात, त्याला स्वतःलाच नवल वाटलं, थोडी उत्सुकता होती.

"आजोबा, जरा बाजूला होता का?" मागं एक बाई पाकिटांचा जुडगा घेऊन उभी होती. त्याची बोटं अजून फटीतच होती.

"हो, हो," तो म्हणाला. "झालं माझं."